भाचीला ग्रुप व्हायोलिनमध्ये जायचंय. यावर पोट भरतं का?

मंद्रसप्तक

मंडळी, हा धागा संगीत विभागात टाकू की करिअर विभागात, ते ठरेना. शेवटी इथेच टाकते.

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, पुण्यात वेस्टर्न व्हायोलिन शिकते. ग्रेडच्या परीक्षा देते, वाजवते बरं. तिला सोलो कलाकार व्हायचं नाही, मैफलीही करायच्या नाहीत. तिला हवंय सेशनचं काम. म्हणजे स्टुडिओत जायचं, समोर ठेवलेला कागद वाजवायचा, पैसे घ्यायचे आणि घरी यायचं. जुन्या हिंदी गाण्यांत अंतऱ्याआधी जो व्हायोलिनचा ताफा उसळतो ना, त्यात मागच्या रांगेत बसायला ती आनंदाने तयार आहे.

ताईचं, म्हणजे तिच्या आईचं म्हणणं, हे बँडवाल्यांचं काम, दोन वर्षांत कंटाळेल. मला प्रश्न पडलाय तो वेगळा. त्या ताफ्यातले लोक जन्मभर तेच करत होते ना? त्यावर घरं चालली, मुलं शिकली, लग्नं झाली. ते कसं चालायचं? कधी थांबलं? की थांबलंच नाही, आपल्यालाच दिसत नाही?

आतली माहिती असलेल्यांनी लिहा. 'आवड जपू द्या तिला' छाप प्रतिसाद नकोत, तसले ताईला व्हॉट्सॲपवर रोज येतात.

मी_बेसुरा

पहिला! वाचनखूण साठवली आहे.

बाकी समोरचा कागद वाजवायचा, पैसे घ्यायचे, घरी यायचं हे वर्णन सरकारी नोकरीचं आहे. पोरगी हुशार आहे.

खडूस_काका

थांबलं. नव्वदच्या दशकात थांबलं. कीबोर्डने मारलं. तिला सीए करा. धागा संपला.

तारदेवकर

काका, धागा संपलेला नाही, बसा जरा.

माझे वडील साठच्या दशकापासून ग्रुप व्हायोलिनमध्ये होते. सेकंड व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनच्या दोन ओळींपैकी दुसरी. आमच्या घरात भिंतीवरच्या कालनिर्णयपेक्षा त्यांच्या खिशातल्या डायरीला मान जास्त. पानावर एवढंच लिहिलेलं असायचं: 'फेमस ९, मेहबूब २'. त्यातलं फेमस ताडदेवचं की महालक्ष्मीचं, ते फक्त आईला कळायचं. फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, दादरची बॉम्बे लॅब, हीच त्यांची ऑफिसं.

काम कसं चालायचं ते सांगतो. सकाळी पोचले की आधी सूर जुळवायचे. मग ॲरेंजर, म्हणजे चाल वाद्यांसाठी कागदावर मांडणारा, किंवा त्याचा नकला करणारा कॉपिस्ट ज्याचा त्याचा पार्ट वाटायचा, कधीकधी शाई ओली असायची. पहिल्या डेस्कवरचा लीडर बो (गज) वर की खाली ते ठरवायचा, बाकीचे पेन्सिलने खुणा करायचे. मग तालमी, मग रेकॉर्डिस्टला आवाज जुळवता यावा म्हणून मॉनिटरची फेरी, आणि मग टेक. ऱ्हिदम, कोरस, सोलो वाद्यं, गायक, सगळं एकाच वेळी. अख्ख्या सेक्शनला मोजके माइक, त्यामुळे कोण कुठे बसतो त्यावर आवाज ठरायचा. गाण्याच्या शेवटच्या ओळीत कुणाचा बो घसरला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

एका स्टँडवर दोघं. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो. बाबा आतले. पानाचा आवाज झाला की टेक गेला! म्हणून ते घरी रिकाम्या कागदांवर पान उलटायचा सराव करायचे. विनोद नाही करत, खरंच करायचे. नंतर मात्र पुष्कळ जण दोन स्टँड शेजारी लावून कागद पसरूनच ठेवायला लागले.

पैशांचं म्हणाल तर सिने म्युझिशियन्स असोसिएशनने श्रेणी ठरवलेल्या होत्या, त्याप्रमाणे मिळायचे. काम भरपूर असलं की दिवसाला दोन शिफ्ट. आम्ही दोघं भाऊ शिकलो, बहिणीचं लग्न झालं, हे सगळं सेकंड व्हायोलिनवर. पण पगाराची पावती नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. घराच्या कर्जासाठी बाबा एका बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "वाजवता ते कळलं, पण नोकरी कुठे करता?" कर्ज शेवटी मामाच्या नावावर काढलं.

मी_बेसुरा

पान उलटायचा सराव 😂 नमस्कार सांगा बाबांना.

एक शंका. वाजवायचं नसेल तेव्हा काय करायचे?

तारदेवकर

@मी_बेसुरा, मोजायचे. कागदावर लिहिलेलं असायचं, बत्तीस बार (मात्रांचे गट) शांत. ते बत्तीस मनात मोजायचे, मग दोन स्वर वाजवायचे, मग पुन्हा चोवीस शांत. मोजण्यात चूक झाली की दोन स्वर भलत्या ठिकाणी, गाणं संपेपर्यंत कानशिलं लाल आणि पुन्हा टेक. बाबा म्हणायचे, वाजवायला कुणीही शिकेल, गप्प बसायला वेळ लागतो.

बार्देशकार

त्या खुर्च्यांवर पुष्कळशी आम्हा गोवेकरांचीच माणसं होती, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला लागून संगीताच्या शाळा असायच्या. मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना आधी सोल्फेज घोटवून घ्यायचा. वाद्याला हात नाही, कागदावरचे स्वर तोंडाने म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा. चुकलं की छडी. व्हायोलिन आलं ते चर्चच्या गाण्यासाठी. पण यातून झालं काय, की गावोगाव कागद बघून वाजवणारी पोरं तयार झाली आणि गावात काम शून्य. मग पेटी घेऊन मुंबई. धोबीतलावला गावाच्या नावाची कूड असायची, तिथे राहायची सोय. मूकपटांच्या थिएटरात, हॉटेलांत, क्लबात बँड. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला आणि क्लबांचा धंदा बसला. त्याच सुमाराला सिनेमाचे वाद्यवृंद फुगत होते. माणसं तिकडे वळली.

फाळणीआधी लाहोरात हॉटेलच्या बँडमध्ये असलेले सेबास्टियन डिसोझा मुंबईला आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांचे ॲरेंजर झाले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवाले, ॲरेंजिंग करायचे, नंतर त्यांनी कोंकणी सिनेमेही काढले. संगीतकार चाल गाऊन दाखवणार, ही मंडळी तिला हार्मनी देऊन, व्हायोलिनच्या दोन ओळी, व्होला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ), चेलो असं कागदावर मांडणार. गायिकेच्या मागे हळूच जी दुसरी धून चालते ती ऑब्लिगॅटो, तिच्यात यांचा हात. पडद्यावर नाव आलंच तर 'सहाय्यक'.

वाजवणाऱ्यांचं तर तेवढंही नाही.

मी_बेसुरा

माय नेम इज...

बार्देशकार

@मी_बेसुरा, वाटच बघत होतो कोण म्हणतो याची.

ते अँथनी गोन्साल्विस खरे. व्हायोलिनवादक, ॲरेंजर. मजोर्ड्याचे, म्हणजे साष्टी तालुक्यातले, माझ्या बार्देशचे नव्हेत, हे मला मोठ्या कष्टाने लिहावं लागतंय. लहानपणी प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, गायला लताबाई आणि मन्ना डे. आपले राग आणि भरगच्च वेस्टर्न ऑर्केस्ट्रा यांची सांगड घालायची होती त्यांना. ते काही टिकलं नाही, त्याला पैसा कोण देणार? साठच्या दशकात ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर फिल्म लाइनकडे वळलेच नाहीत, मजोर्ड्यात शांत राहिले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव घातलं. २०१२ मध्ये गेले.

खडूस_काका

गोवेकर म्हणजेच सगळं, हे जरा जास्त होतंय. पारशी होते, बंगाली होते, पंजाबी होते. आरडींचे बासू चक्रवर्ती चेलोवाले. उत्तम सिंग व्हायोलिनवरून ॲरेंजर झाले आणि पुढे संगीतकार. आणि आपले प्रभाकर जोग? गाणारं व्हायोलिन कुणाचं? १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गाणी, बाबूजींचे सहाय्यक जोगच. तेच जोग मुंबईत हिंदीच्या ग्रुपमध्येही वाजवायचे. अनिल मोहिले व्हायोलिनवाले. अरुण पौडवाल ॲकॉर्डियनवाले. दोघं मिळून अनिल-अरुण. या मराठी माणसांनी सरगमवरून स्टाफ नोटेशनपर्यंत (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीपर्यंत) मजल मारली, त्यांचं काय?

बार्देशकार

काका, 'पुष्कळशी' लिहिलंय, 'सगळी' नाही. चष्मा लावा. जोगांबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

मंद्रसप्तक

किती छान माहिती येतेय. तारदेवकर, ते बँकेचं ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ!" 🙄

लंडनचा_पाऊस

थोडं अवांतर. इकडेही गोष्ट फार वेगळी नव्हती. बीटल्सचं 'एलेनॉर रिग्बी' (१९६६) आठवा. त्यात चार व्हायोलिनं, दोन व्होला, दोन चेलो, आणि बीटल्सपैकी एकानेही वाद्याला हात लावलेला नाही. आठही जण भाड्याने बोलावलेले सेशनवाले. ध्वनिमुद्रक जेफ एमेरिकने माइक तारांच्या अगदी जवळ आणले, तर हे बिचकून खुर्च्या मागे सरकवायला लागले, असा किस्सा तो सांगायचा. त्या दिवसाचं मानधन मिळालं आणि विषय संपला. रॉयल्टी नाही.

दुसरं उदाहरण डेट्रॉइटचं. मोटाउनच्या गाण्यांत जी गोड व्हायोलिनं आहेत ती बरीचशी डेट्रॉइट सिम्फनीतल्या लोकांची, त्यांचा म्होरक्या गॉर्डन स्टेपल्स, सिम्फनीचा कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवाल्यांचा प्रमुख. फरक इथे आहे बघा. त्यांना सिम्फनीचा पगार होता, स्टुडिओ म्हणजे वरकमाई. मुंबईत पगारी कायमचा वाद्यवृंद नव्हताच. एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला २००६ मध्ये, आणि त्यातही बरेच वादक परदेशी. म्हणजे तारदेवकरांच्या बाबांचा धंदा पूर्णपणे सिनेमावर. सिनेमाने मान फिरवली की दुसरं दार नाही.

कीबोर्डवाला

खडूस_काकांनी खून माझ्या नावावर टाकलाय, म्हणून जबाब नोंदवतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून प्रोग्रॅमिंग करतोय.

ग्रुप मोडला तो सिंथने (सिंथेसायझरने) नाही, मल्टिट्रॅकने, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून मागाहून मिसळायच्या पद्धतीने. सत्तरच्या दशकात फोर्टमधल्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या ठिकाणी तो आला आणि सगळ्यांनी एकत्र बसायची गरजच संपली. आधी ऱ्हिदम, मग गायकाच्या जागी तात्पुरता डमी आवाज, तंतुवाद्यं मंगळवारी, लताबाई जमेल तेव्हा. एकदा का व्हायोलिनचा वेगळा दिवस झाला, की बजेटमध्ये व्हायोलिनची वेगळी ओळ झाली. वेगळी ओळ दिसली की निर्मात्याचा हात कात्रीकडे जातो. पूर्वी साठ माणसं एकत्रच बोलवायची असत, त्यातले वीस व्हायोलिनवाले कुणाला वेगळे दिसत नसत.

मग निघाली युक्ती. वीस कशाला, सहा बोलवा आणि चार वेळा वाजवून घ्या, झाले चोवीस. मोठे हॉल रिकामे पडायला लागले आणि एकेक करत बंद झाले. सिंथ आला तेव्हा सहाच जण उरले होते. मी त्या सहांच्या पोटावर पाय दिला, हे कबूल. वीसांच्या नाही.

खडूस_काका

म्हणजे चाकू माझा नाही, मी फक्त शेवटचा वार केला. वा रे जबाब.

तारदेवकर

कीबोर्डवाल्यांशी मी सहमत, आणि बाबाही असते. डबिंग, म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगवर वेगळं वाजवणं, त्यांना मनापासून आवडायचं नाही. पैसे तेवढेच किंवा कमी, आणि हेडफोन लावून कुणाच्या मागे वाजवतोय तेच समजायचं नाही. काही वेळा गाण्याचे शब्द न ऐकताच शिफ्ट संपायची, गाणं कुठलं होतं ते सिनेमा आल्यावर कळायचं. पूर्वी गायक त्याच हॉलमध्ये काचेपलीकडे उभा असायचा. त्याने श्वास घेतला की बो थांबायचा.

पण एक गोष्ट कीबोर्डवाले सोडून देतायत. सहाचे चोवीस होत नाहीत.

मी_बेसुरा

का नाही? ६ × ४ = २४. माझं गणित सुरापेक्षा बरं आहे.

तारदेवकर

वीस माणसं एकच स्वर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो, कंपन वेगळं असतं, व्हायोलिनचं लाकूड वेगळं असतं. ते सगळं मिसळलं की तो रेशमी आवाज येतो. सहा जणांनी चार वेळा वाजवलं तर तीच सहा व्हायोलिनं, त्याच सहा सवयी. एकाचा मध्यम जरा चढा लागत असेल तर तो चारदा चढा लागणार. म्हणून चांगले रेकॉर्डिस्ट प्रत्येक पासला खुर्च्या बदलायला लावायचे, माइक हलवायचे, कधी फर्स्टवाल्यांना सेकंडचा पार्ट द्यायचे. थोडा फरक पडतो. पण जुन्या टेकशेजारी लावून ऐका, पातळपणा जाणवतो.

कीबोर्डवाला

हे अगदी मान्य. म्हणून तर आजही माझ्यासारखे लोक पूर्ण सॅम्पलवर सोडत नाहीत. सॅम्पल लायब्ररीतला प्रत्येक स्वर कुणीतरी खऱ्या व्हायोलिनवर वाजवलेला असतो, पण आपल्याला हवा तसा दोन स्वरांमधला प्रवास सहसा नसतो. म प म अशी मींड घ्यायची असेल तर पिच व्हीलने (कीबोर्डवरच्या स्वर सरकवायच्या चाकाने) ओढावं लागतं आणि सगळी व्हायोलिनं एकदम एकाच वेगाने सरकतात. खरी माणसं अशी सरकत नाहीत, कुणी आधी पोचतो, कुणी नंतर. मग वरून दोन खरी व्हायोलिनं आणि एक चेलो ठेवतो, कान फसतो. भाचीला काम मिळेल ते बहुधा या 'वरून ठेवण्या'चंच.

अर्धा_पाव

हे सगळं ठीक, पण अजय-अतुलनी 'सैराट' (२०१६) थेट हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे सिनेमाचं संगीत वाजवून घ्यायच्या हॉलमध्ये, नेऊन वाजवून घेतला ना! म्हणजे खरे वादक लागतातच. प्रश्न एवढाच की तिकडचे का? आपल्याकडचे मेले होते का?

लंडनचा_पाऊस

@अर्धा_पाव, मेले नव्हते, पण तेवढे सगळे एका छताखाली कुठे बसवणार? तिकडे हॉल तयार, माइक लावलेले, आणि वादक रोज हेच करणारे. कागद ठेवला की पहिल्याच फेरीत बऱ्यापैकी वाजतो. तालमीचा वेळ वाचतो तिथे पैसे वाचतात. बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये इथले वाद्यवृंद याच हिशोबावर जगभरच्या सिनेमांसाठी वाजवतात. संगीतकार घरी बसून ऐकतो आणि नेटवरून सूचना देतो.

अर्धा_पाव

म्हणजे आपण सॉफ्टवेअर निर्यात करायचं आणि व्हायोलिन आयात करायचं. छान.

मद्रासी_मराठा

अर्धा_पाव, इतकं लांब कशाला जाता, चेन्नईला या. इथे सेक्शन पूर्ण मोडला नाही. धनराज मास्तरांसारख्या शिक्षकांनी वेस्टर्न वाचणाऱ्यांची पिढी घडवली, इळैयाराजाही त्यांचेच शिष्य. राजासाहेब अख्खा स्कोअर हाताने लिहून काढायचे आणि मंडळी लगेच वाजवायची. इथल्या व्हायोलिनवाल्यांची आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच जणांचा पाया कर्नाटकी. स्टाफ नोटेशनवरचा सरळ स्वर बघून त्यावर नेमका कुठला गमक (स्वराचा हेलकावा) हवा ते ओळखतात. व्ही. एस. नरसिंहन यांनी तर मद्रास स्ट्रिंग क्वार्टेट काढून कर्नाटकी कृती चार तंतुवाद्यांवर मांडल्या. २००८ मध्ये रहमानने के. एम. कॉन्झर्व्हेटरी काढली, त्याच्याच सनशाइन ऑर्केस्ट्रात गरीब घरच्या मुलांना फुकट शिकवतात. मुंबईचे संगीतकारही तंतुवाद्यांसाठी इकडे येतात. मंद्रसप्तक, भाचीला फिल्टर कॉफी आवडते का विचारा.

मंद्रसप्तक

कॉफी आवडते. ताईला चेन्नई आवडेल का, हा प्रश्न आहे.

अजून एक शंका. तिच्या मानेवर डावीकडे डाग पडलाय, ताईने त्यावरून घरात केवढा गहजब केला. व्हायोलिनमुळे पडतो का खरंच?

तारदेवकर

😂 पडतो हो. डाव्या जबड्याखाली, हनुवटी टेकवायच्या चिनरेस्टच्या क्लॅम्पपाशी. बाबांना जन्मभर होता. सुती रुमालाची घडी ठेवायला सांगा आणि क्लॅम्पचा धातू निकेलचा आहे का बघा, पुष्कळांना निकेलचीच ॲलर्जी असते. ताईंना सांगा, मुलगी निर्दोष आहे.

मी_बेसुरा

मी हे कारण कॉलेजात वापरलं असतं, पण मी तबला शिकत होतो.

ॲड_भिंगरी

श्रेयनामावलीचा मुद्दा बार्देशकारांनी वर काढलाय, तो फक्त मानापानाचा नाही, कायद्याचाही आहे.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची चर्चा खूप झाली, ती आपल्याला आठवते. त्याच दुरुस्तीत सादरकर्त्यांच्या हक्कांचं कलम ३८अ आलं, व्यावसायिक वापर झाला तर सादरकर्त्यालाही रॉयल्टीचा हक्क. ऐकायला उत्तम. पण सादरकर्ता कोण, या व्याख्येला तेव्हाच एक परंतुक जोडलं गेलं. सिनेमातलं ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. कामाची मोडतोड करून बदनामी झाली तर दाद मागायचा हक्क तेवढा राहतो.

आता ग्रुपमधली सातवी व्हायोलिन 'आनुषंगिक' का, यावर वाद घालता येईल. मी तर घालेन. पण नाव पडद्यावर असेल तर तो वाद घालायची वेळच येत नाही. भाचीने कामाला सुरुवात केली की दोन गोष्टींची सवय लावून घ्यावी. निरोपात लेखी विचारायचं, श्रेयनामावलीत नाव येणार का. आणि सही करण्याआधी कागद वाचायचा. बहुतेक ठिकाणी 'सर्व हक्क एकरकमी मानधनात समाविष्ट' असं असतं. तरी वाचायचा.

खडूस_काका

स्टुडिओच्या दारात एकोणीस वर्षांची पोर 'माझं नाव येणार का' विचारेल आणि पुढच्या वेळी तिला बोलावणार नाहीत. वकीलबाई, धंदा असा चालत नाही.

ॲड_भिंगरी

काका, एकटीने विचारलं तर नाही बोलावणार. सेक्शनच्या लीडरने सगळ्यांसाठी विचारावं, त्यासाठी असोसिएशन असते.

पिंपळपान

बरेच दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. मी मुंबईत सेशनमध्ये वाजवते. आधी व्हायोलिन, आता जास्त करून व्होला. जुन्या ग्रुपफोटोंत बाई शोधावी लागते, आता सेक्शनमध्ये आम्ही बऱ्याच जणी असतो.

मूळ प्रश्नाला आजचं उत्तर देते. काम आहे, पण तारदेवकरांच्या बाबांसारखं रोजचं नाही. आदल्या रात्री मेसेज येतो, उद्या अकरा, अंधेरी. गेल्यावर बारा-चौदा जण. एका कानात क्लिक (तालाची टकटक), दुसरा कान उघडा, शेजारणीचा सूर ऐकायला. तालीम नाही. लीडर म्हणते, "पहिले आठ कंपन न देता, नंतर पूर्ण," की लाल दिवा. दोन फेऱ्यांत व्हायला हवं. तिसऱ्यांदा तुझ्यामुळे थांबावं लागलं तर कुणी रागावत नाही, पुढचा मेसेज येत नाही एवढंच.

आणि फक्त वेस्टर्न वाचून भागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका मराठी गाण्याला कागदावर साधा ई फ्लॅट होता. संगीतकार काचेपलीकडून म्हणाले, "अहो, कोमल गंधार मध्यमावरून घ्या, बागेश्रीसारखा." ज्यांना बागेश्री माहीत होता त्यांनी तिथल्या तिथे घेतला, उरलेल्यांना यूट्यूब लावून ऐकवावं लागलं. पुढच्या वेळी कुणाला बोलावलं असेल ते सांगत नाही. भाचीने आठवड्याला एक तास कुणाकडे तरी रागांचं शिकावं, गायला नको, ओळखता यायला हवेत.

फक्त रेकॉर्डिंगवर घर चालवणारे माझ्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझं उत्पन्न चार ठिकाणांहून येतं. शाळेत शिकवणं, जुन्या गाण्यांचे मोठे ऑर्केस्ट्रा कार्यक्रम, हॉटेलांतल्या लग्नांत क्वार्टेट, आणि रेकॉर्डिंग. काही वर्षांपासून घरून वाजवून फाइल पाठवायचं कामही येतं, एकच चांगला माइक आणि गाद्या लावलेलं कपाट लागतं. पैसे दहा टक्के टीडीएस कापून येतात, कधी येतात ते मात्र देव जाणे. विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरा. त्याच कागदांवर मला घराचं कर्ज मिळालं, तारदेवकर.

तारदेवकर

वाचून बरं वाटलं, ताई. खरंच.

खडूस_काका

आणि एआय आलं की? तेव्हा गाद्या लावलेल्या कपाटात काय ठेवणार?

पिंपळपान

काका, जाहिरातींच्या जिंगलचं काम आत्ताच कमी झालंय, नाही म्हणत नाही. सिनेमाची मोठी कामं अजून येतात. पुढचं पुढे. म्हणून तर चार ठिकाणं म्हटलं.

कीबोर्डवाला

पिंपळपान, व्होलाकडे वळलात ते कामासाठी?

पिंपळपान

हो. व्हायोलिनवाले पुष्कळ, व्होलावाले कमी. ज्या दिवशी सोळा व्हायोलिनवाल्यांमधून आठ निवडायचे असतात, त्या दिवशी व्होलावाल्यांना शोधत फिरावं लागतं. मंद्रसप्तक, भाचीला माझा सल्ला विचाराल तर व्हायोलिन सोडू नको, पण व्होला हाताशी ठेव.

मंद्रसप्तक

तिला हे सगळं वाचून दाखवलं. कोमल गंधारापाशी तिने वही काढली. ताई म्हणते, पदवी पूर्ण कर, मग बघू, आणि तिच्याकडून हे फार आहे.

व्होलाचं वाद्य नवं घ्यायला आत्ता पैसे नाहीत. पुण्यात भाड्याने मिळतं का?

पिंपळपान

शिक्षकांकडे विचारा, एखाद्याकडे पडून असतं. हात लहान असेल तर साडेपंधरा इंची बघा, सोळाच्या वर जाऊ नका. तोवर तिच्या व्हायोलिनलाच व्होलाच्या स्वरांच्या, सा-प-रे-ध अशा लागणाऱ्या तारा बसवून चालतं, व्हायोलिनच्या मापात तसे संच मिळतात. आवाज किरटा येतो, सरावापुरतं ठीक. मुख्य अडचण वाद्याची नाहीच, ऑल्टो क्लेफ, म्हणजे व्होलाचे स्वर ज्या वेगळ्या खुणेने लिहितात ती, वाचायची आहे. तिथे महिना-दोन महिने डोकं फिरतं. ते आजपासून सुरू करू दे.

खडूस_काका

आणि सीएची फाउंडेशन?

मंद्रसप्तक

काका, तुमचा फोन नंबर ताईला देऊ का? तुमचं छान जमेल.